चिखलातली परीक्षा

साहेबांनी माझ्या बापाचे केस मुठीत धरले होते. घोड्याची आयाळ धरतात तसे. ते त्याच्या खांद्यावर बसले होते, दोन्ही पाय त्याच्या छातीवर सोडून. पायांत काळे बूट. त्या बुटांना चिखल लागू नये म्हणूनच तर ते तिथे बसले होते. खाली बाप चिखलात उभा होता, आणि साहेब वरून मला विचारत होते,

"ब्लॅकबोर्ड. सांग, यात कोणते दोन शब्द आहेत?"

मी त्यांची वळकटी डोक्यावर घेऊन शेजारी उभी होते.

हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, अजूनही नाही. चौथी झाली आहे, लिहिता येतं. म्हणून लिहिते.

आमचं गाव मुरुडच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी. कोळ्यांची वस्ती. तेव्हा धक्का नव्हता. मुरुडहून यायचं तर मचव्यातून, शिडावर. भरती असली तर मचवा वस्तीपर्यंत लागायचा. ओहोटी असली की दूर पाण्यात उभा राहायचा आणि मधे नुसता चिखल. आमची माणसं तो चिखल तुडवत जायची. मोठी माणसं तुडवत नसत. त्यांना खांद्यावर घेऊन काठावर आणायचं. हे काम माझे बाबा करायचे, आणि शेजारचा रामाकाका. सामान बायका-पोरींनी आणायचं. आजोबाही तेच करायचे. त्यात कुणाला काही वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं.

चिखलाचा एक नियम आहे. आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही तो माहीत असतो. थांबायचं नाही. एक पाय टाकला की दुसरा काढायचा. चालत राहिलं तर चिखल पोटरीपर्यंत धरतो आणि सोडतो. उभं राहिलं की तो धरतो आणि सोडत नाही. एकट्या माणसाला कसंबसं निघता येतं. खांद्यावर दुसरा असला तर नाही.

आता इंग्रजीचं सांगते.

गावातली शाळा चौथीपर्यंत. पुढे मुरुड. सरकारी शाळेत तेव्हा खालच्या इयत्तांना इंग्रजी नव्हतं, पण पुढे हायस्कुलात लागायचं, म्हणून गुरुजी आपल्या घरी संध्याकाळी शिकवणी घ्यायचे. वाडीवाल्यांची मुलं यायची, नारळी-सुपारीच्या बागा असलेल्यांची. मी चौथी पास झाले तेव्हा बाबांनी गुरुजींना विचारलं, माझ्या पोरीला बसवाल का? गुरुजी हो म्हणाले. त्या बदल्यात त्यांच्या मागच्या दारी मासळी पोचवायची. मी मासळीची पाटी नेऊन ठेवायचे, विहिरीवर राखेने हात घासायचे आणि मग पुढच्या दारी यायचे. बाकीची मुलं पडवीत चटईवर. मी पायरीवर, जिथे चपला काढतात तिथे. पुस्तक हातात देण्याआधी गुरुजी रोज म्हणायचे, "हात हुंगून बघ." मी हुंगायचे. मग ते पुस्तक द्यायचे. आमच्या हाताचा वास आम्हाला येत नाही. मी नुसतंच नाक लावायचे आणि मान हलवायचे.

गुरुजींनी एक दिवस जोडशब्द काढले. दोन शब्द शेजारी येतात आणि तिसरा होतो. फळ्यावर इंग्रजी शब्द लिहायचा आणि मुलांनी उठून त्याच्या मधे खडूची उभी रेघ मारायची. रेघेच्या अलीकडे एक शब्द, पलीकडे एक. सनलाइट. रेनकोट. फुटबॉल. लाइटहाऊस.

मला ते आवडलं. दुसरं काही मला तितकं आवडलेलं आठवत नाही. आम्ही तिसऱ्या फोडायला बसतो, शिंपल्यातली मासळी, तेव्हा शिंपला कुठून उघडायचा ते डोळ्यांनी बघत नाही. अंगठा फिरवला की सांधा कळतो. तसंच होतं. शब्दावर बोट फिरवायचं आणि सांधा शोधायचा. रेनकोट मी पाहिला नव्हता, आम्हाला इरलं ठाऊक. बेडरूम हा शब्द आला तेव्हा मला कळलं की झोपायला वेगळी खोली असते. वस्तू माहीत नव्हत्या. सांधा सापडायचा.

घरी बोंबील वाळत घालताना मी शब्द पुटपुटायचे. आई म्हणायची, "काय मंत्र म्हन्तेस गो? बोंबील उठून बसतील." बाबा हसायचे. त्यांना एकही शब्द कळत नसे, पण मी म्हणत असले की ते जवळ येऊन बसायचे, जाळं घेऊन.

मुरुडला पाचवीसाठी राहायचं कुठे हा प्रश्न होता. तिथे मुलींची राहायची सोय झाली होती. जेवणही मिळायचं. पण कुणाला घ्यायचं ते शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांच्या शब्दावर होतं. त्यांना आम्ही दिपोटी म्हणायचो. ते पावसाळ्याआधी एकदा यायचे. गुरुजी बाबांना म्हणाले, साहेब आले की तुझ्या पोरीला पुढे करतो. त्यांनी हो म्हटलं तर ती जाईल. नाही म्हटलं तर विषय संपला.

ते आले तेव्हा ओहोटी होती.

बाबांनी सकाळपासून वाट पाहिली. केसांना तेल लावलं. मला आईने नवी चोळी घातली. मचवा दूर उभा राहिला तसे आम्ही निघालो, बाबा, रामाकाका आणि मी. साहेबांबरोबर एक कारकून होता. कारकुनाला रामाकाकाने घेतलं, साहेबांना बाबांनी. साहेब अंगाने भारी होते. वळकटी माझ्या डोक्यावर दिली. जाड कॅनव्हासची, पट्ट्यांनी आवळलेली.

बाबा बोलले नसते तर काही झालं नसतं. पण ते बोलले. त्यांना राहवलं नाही. गुरुजी काठावर हार घेऊन उभे होते, तिथे पोचेपर्यंत त्यांना धीर नव्हता.

"सायेब, ही माजी पोर. इंग्रजी शिकतेय."

"इंग्रजी?" साहेब वरून म्हणाले. "कोळणीची पोर इंग्रजी शिकते? काय शिकवलंय?"

मला विचारलं होतं. मी खाली बघून म्हणाले, जोडशब्द.

"अस्सं. थांब जरा."

हे बाबांना होतं. बाबा थांबले.

रामाकाका कारकुनाला घेऊन बाजूने गेला. जाता जाता हळूच म्हणाला, "उभा नको ऱ्हाऊ रं."

"सायेब थांब म्हन्तात," बाबा म्हणाले.

रामाकाका थांबला नाही. पुढे गेला.

मग ब्लॅकबोर्ड झालं. मी सांगितलं, ब्लॅक आणि बोर्ड. साहेबांना मजा वाटली. पुढे गेलेल्या कारकुनाला हाक मारून त्यांनी सांगितलं, ऐका हो, ही बोलते. कारकून वळून हसला. मी पोपट असल्यासारखा.

पोस्टमन. पोस्ट आणि मॅन. टीस्पून. टी आणि स्पून. मी भराभर सांगत होते. लवकर सांगितलं की लवकर संपेल, असं वाटत होतं. मी जागच्या जागी पाय हलवत होते. बाबांना ते जमत नव्हतं. पाय हलवला की साहेब म्हणायचे, "हलू नकोस रे, पडेन मी," आणि केस ओढायचे. बाबांची पोटरी दिसेनाशी झाली. मी तिकडे बघत होते. तोंडाने शब्द फोडत होते आणि बघत होते.

"बटरफ्लाय."

बटर आणि फ्लाय, मी म्हणाले.

साहेब मोठ्याने हसले. "बटर म्हणजे लोणी. फ्लाय म्हणजे माशी. आणि बटरफ्लाय म्हणजे फुलपाखरू. आता लोण्याचा आणि माशीचा फुलपाखराशी काय संबंध? काही अर्थ आहे का याला?"

मला माहीत नव्हतं. त्यांनाही नसावं. पण ते त्यावर बोलत राहिले, इंग्रजी भाषा कशी गमतीची आहे त्यावर. वारा होता. वर बसलेल्या माणसाला छान वाटत असेल. बाबांचे गुडघे चिखलात गेले.

बाबांचं तोंड लाल झालं होतं आणि मानेची शीर वर आली होती. तरी त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. सांग, सांग, अशी. त्यांना वाटत होतं, परीक्षा चालली आहे. पोर पास होते आहे.

"आता शेवटचा," साहेब म्हणाले. "कार्पेट. हा जोडशब्द आहे की नाही?"

हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. कार म्हणजे मोटार, ते माहीत होतं. सांधा सापडेना.

"विचार कर," साहेब म्हणाले. "घाई नाही."

मला त्यानंतर काही ऐकू आलं नाही. वाऱ्याचाही आवाज नव्हता. राग आला असं म्हणता येणार नाही. राग आला असता तर हात थरथरले असते. माझे हात गार होते आणि स्वच्छ काम करत होते. मला एवढंच दिसत होतं की त्यांना खरोखरच घाई नव्हती. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या खाली एक माणूस जमिनीत चालला होता आणि त्यांना घाई नव्हती, कारण त्यांच्या खाली कुणी नव्हतंच. उंच जागा होती. बसायला बरी.

मी वळकटी डोक्यावरून काढली आणि बाबांच्या पुढ्यात चिखलात आडवी टाकली.

"बाबा, हिच्यावर पाय दे."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. वळकटीकडे बघितलं. वर साहेब ओरडत होते, माझं अंथरूण, अगं माझं अंथरूण. बाबा तसेच उभे. मी त्यांचा हात धरला आणि ओढला. खरंच ओढला, जाळं ओढतात तसा. एक पाय आवाज करून निघाला. तो त्यांनी वळकटीवर ठेवला. वळकटी दबली, पण तिने धरलं. मग दुसरा निघाला. साहेब एका बाजूला कलंडले, त्यांचा एक बूट चिखलात बुडून वर आला. पडले नाहीत. बाबांनी पडू दिलं नाही. बाबा चालायला लागले आणि काठ येईपर्यंत थांबले नाहीत.

काठावर साहेब उतरले. मला काही बोलले नाहीत. गुरुजींना म्हणाले, "हिला इंग्रजी शिकवताय? आधी माणसात वागायला शिकवा." बाबा खाली बसले आणि कमरेला बांधलेलं मुंडासं सोडून त्यांनी साहेबांचा बूट पुसला. साहेबांनी पाय पुढे धरला होता. गुरुजींच्या हातात हार तसाच होता. मी हे सगळं बघितलं. मला रडू आलं नाही. अजून येत नाही.

वळकटी आईने धुतली. उन्हाळ्यात आमच्याकडे गोडं पाणी हंड्याने मोजून वापरतात, ते तिने सगळं त्या गादीवर ओतलं. वाळत घालायला जागा एकच, बोंबलांच्या काठ्या. तिथे घातली. वाळली, पण वास लागला तो लागला. आई हुंगून म्हणाली, "आता सायेबाला सपनात मचवा दिसंल." कुणी हसलं नाही.

संध्याकाळी गुरुजी स्वतः आमच्या दारात आले. त्याआधी कधी आले नव्हते. आत आले नाहीत. अंगणातून बोलले. साहेब मोठ्या मनाचे आहेत, म्हणाले. पोर हुशार आहे असं ते आपल्या तोंडाने म्हणाले. उद्या शाळेत सगळ्यांसमोर तिने वळकटी त्यांच्यापुढे ठेवायची, पाया पडायचं आणि 'चुकले' म्हणायचं. एवढंच. मग ते तिला मुरुडला घेतील. त्यांनी शब्द दिला आहे.

गुरुजी गेले. बाबा पायाला तेल चोळत होते. त्यांचा एक पाय सुजला होता.

"म्हन ना चुकलं," बाबा म्हणाले. "एक शब्द तर हाय."

"माजं काय चुकलं?"

"सायेबाचा बिस्तरा चिखलात टाकलास."

"तुजा पाय चिखलात होता."

"माजा पाय रोजच असतो, पोरी." ते हसले. "पाय निगतो. शाळा परत न्हाय मिलनार."

ते खरं बोलत होते. शाळा परत मिळणार नव्हती, हे मलाही माहीत होतं. मला ती हवी होती. किती हवी होती ते लिहिता येणार नाही. मुरुडच्या त्या खोलीत कॉट असतात असं कुणीतरी सांगितलं होतं. मी रोज निजताना त्यातली एक माझी ठरवायचे. खिडकीजवळची.

आई म्हणाली, "म्हन आनि मोकली हो. पोटात काय ठेवायचं ते ठेव, कोन बघतो?"

मी त्यावर विचार केला. आईचं म्हणणं वाईट नव्हतं. आमच्याकडच्या सगळ्या बायका तसंच करतात. पण माझ्या डोळ्यांपुढे बाबा मान हलवताना दिसत होते. सांग, सांग. गुडघे आत गेले तरी त्यांना वाटत होतं की ही परीक्षा आहे. मी चुकले म्हटलं असतं तर ती परीक्षाच झाली असती. तिथे काही वेगळं झालं होतं, हे सांगायला मग कुणी उरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत सगळं गाव होतं. वळकटी आईने आणली आणि ठेवली. साहेब खुर्चीवर. त्यांनी नाक मुरडलं, पण आवाज मऊ होता. "बोल, बाळ."

मी उभी राहिले. मी तोवर इतक्या माणसांसमोर कधी एक अक्षर बोलले नव्हते. बाबा दाराशी काठी टेकून उभे होते. मला वाटलं आवाज निघणारच नाही. निघाला. बारीक, पण निघाला.

"माझं चुकलं नाही. चिखलात माणसाला थांब म्हणत नाहीत."

एवढंच. मग मी घरी गेले. कुणी थांबवलं नाही. मागे गुरुजींचा आवाज येत होता, ते साहेबांची माफी मागत होते.

मुरुडला वाडीवाल्यांची एक मुलगी गेली. शिकवणी बंद झाली, माझ्यापुरती. मासळी मात्र मागच्या दारी जात राहिली. गुरुजींनी नको म्हटलं नाही आणि बाबांना थांबवता आलं नाही. पुढे बाबांचा तो पाय कधीच धड झाला नाही. तरी ते माणसं वाहत राहिले. माझ्याशी ते त्याबद्दल बोलले नाहीत. रागावले होते की नव्हते, मला कळलं नाही. ते गेले तेव्हाही कळलं नव्हतं. फक्त एकदा, माझं लग्न ठरलं तेव्हा, नवऱ्याकडच्या माणसांना ते म्हणाले, "पोर गरीब हाय, पन तिला थांब म्हनू नका." ते हसले आणि सगळे हसले.

कार्पेट जोडशब्द आहे की नाही, मला अजून माहीत नाही. मी कुणाला विचारलं नाही.

माझी मुलगी यंदा चौथी पास झाली. तिला मुरुडला घालायची आहे. सासरे म्हणतात, तालुक्याच्या साहेबाला जाऊन भेट, पाया पड, पोरीला पुढे उभी कर, दोन इंग्रजी शब्द म्हणायला लाव, त्याला बरं वाटेल. नवरा म्हणतो, आपली गरज आहे.

गरज आहे. मी नाकारत नाही. मी भेटायला जाणार आहे. नेसतं लुगडं बरं आहे ते नेसून जाईन. पायरीवर बसणार नाही. पोरीला शब्द म्हणायला लावणार नाही. चौथीचा निकाल आहे, तो बघावा आणि सांगावं. तिच्या डोक्यावर कुणाचं ओझं देणार नाही, आणि तिच्या देखत मी कुणाच्या पायाला हात लावणार नाही. नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी परत जाईन. त्याच्या दुसऱ्या दिवशीही जाईन. मला बोलता येत नाही, पण दारात उभं राहता येतं. तिथे जमीन कोरडी आहे.

मुलीला मी एकच गोष्ट शिकवली आहे. कुणी प्रश्न विचारला तर आधी बघायचं, तो कशावर बसला आहे. माणसावर बसला असेल तर उत्तर येत असलं तरी द्यायचं नाही. आधी खाली उतर म्हणायचं.

तिने विचारलं, आणि नाही उतरला तर?

मी म्हणाले, मग खालच्याला हात द्यायचा आणि ओढायचं. वरच्याचं काय होईल ते बघायचं नाही.